चार नंबरचा खिळा

चिखला गावाच्या पलीकडं एक लहानशी खाजगी खाण होती, तिथं गोपीचंद वीजमिस्त्री होता. मिस्त्री कसला, नसत्या उद्योगांचा माणूस! टपालानं रेडिओचा कोर्स केलेला. हाती सोल्डरिंगची सळई आली की जेवणाचं भान नसायचं. अठ्ठ्याऐंशी साली त्यानं मॅनेजरला हजेरीचं यंत्र करून दिलं; उतरताना आणि वर आल्यावर ज्यानं त्यानं आपलं बटण दाबायचं. त्याआधी फाटकाशी खिळ्यांची फळी होती. खाली उतरताना ज्यानं त्यानं आपला पितळी बिल्ला काढून न्यायचा, वर आलं की परत अडकवायचा. पाळी सुटल्यावर एक खिळा जरी रिकामा दिसला तरी हाजरीबाबू आकाशपाताळ एक करी. ती फळी गोपीचंदनं स्वतः उपटली आणि मोठ्या ऐटीत घरी नेऊन चुलीत घातली.

यंत्र वर्षभर बरं चाललं. मग मॅनेजरला त्यात वेळही दिसायला हवी झाली. गोपीचंदनं नागपूरहून घड्याळाची चिप आणली. हजेरी लिहून ठेवणारी चिप ज्या दोन तारांवर होती, त्याच तारांवर तीही बसवली. त्यात बिघडत काही नाही. एका जोडीवर चार-सहा चिपा सुखानं नांदतात. प्रत्येकीला आपला नंबर, जिचा पुकारा झाला तिनंच ऐकायचं. पण या दोघींचा नंबर कारखान्यातूनच एक आला होता. चिपेचा एक पाय दुसऱ्या जागी जोडला की तो बदलतो, चिपेसोबत आलेल्या कागदात तसं लिहिलंही होतं. कागद इंग्रजीत, आणि आमच्या शहाण्याला घाई! दोन्ही चिपा त्यानं घरी तपासल्या होत्या, पण वेगवेगळ्या.

सकाळी अकराला त्यानं घड्याळ लावलं. घड्याळानं ऐकलं, हजेरीनंही ऐकलं. तासाचा आकडा हजेरीच्या चौथ्या घरात जाऊन बसला. तिथं प्रत्येक माणसाला एक घर; घरात शून्य म्हणजे माणूस खाली, दुसरं काहीही म्हणजे वर. पहिल्या तीन घरांतही असेच आकडे पडले, पण ते तिघं सुटीवर होते. चार नंबर कवडूचा, आणि कवडू खाली होता.

संध्याकाळी कवडूची बायको रंभाबाई फाटकावर आली, माणूस अजून घरी नाही म्हणाली. गोपीचंदनं यंत्रात पाहिलं.

"वर आला ना वो वहिनी. यंत्र कायले खोटं बोलंल? बसला असंल कुठं मोहाची घेऊन."

ती बिचारी गावातले गुत्ते धुंडाळत फिरली. खाली कोणी गेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कवडू दगडाखाली सापडला, कमरेपासून दबलेला. पहाटेपर्यंत जीव असावा, असं डॉक्टर म्हणाले. गोपीचंदनं यंत्राचा डबा उघडला, कागद वाचला आणि मॅनेजरला जाऊन सगळं सांगितलं. मॅनेजरनं यंत्र कपाटात कोंडलं, तोंड उघडशील तर याद राख म्हणाला. फाटकाशी नवी फळी लागली. चार नंबरचा खिळा गोपीचंदलाच ठोकावा लागला.

तेरवी झाल्यावर रंभाबाई त्याच्या दारात आली.

"भाऊजी, तुमच्या यंत्रात तर तो वर आला होता. मंग मले न भेटता पुन्हा खाली काहून गेला? सकाळी मी भांडली होती, त्याचा राग धरला काय?"

गोपीचंदच्या जिभेवर सगळं आलं होतं.

"मले मालूम नाही, वहिनी," तो म्हणाला. पुढं जेव्हा जेव्हा तिनं विचारलं, तेव्हा हेच म्हणत राहिला.