दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही

काटेवाडीतल्या आमच्या शेजारच्या तात्यांना कुणालाच नाही म्हणता येत नाही. फोनमधल्या कुठल्याही ॲपनं 'तुमचे क्लाउडवरचे फोटो पाहू का?' विचारलं, की ते लगेच परवानगी देतात. "दारात आलेल्याला न्हाय कसं म्हणायचं?" पासवर्ड मात्र बायकोलाही सांगत नाहीत. "किल्ली कुठं दिली मी? नुसतं आत या म्हटलं."

दर रविवारी इंदापूरहून गावी आलो की त्या परवानग्या रद्द करण्यात माझा तास जायचा. गेल्या रविवारी मी ओरडलोच, "अहो तात्या, एकदा आत घेतल्यावर किल्ली कशाला लागते? इथून पुढं सगळ्यांना नाही म्हणा!"

काल वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. त्यांचा भजन म्हणतानाचा एकमेव व्हिडिओ तात्यांच्या क्लाउडवर आहे. इंदापुरातूनच मी तो बघायची परवानगी मागितली. नकार आला. पुन्हा मागितली, पुन्हा नकार. चिडून फोन लावला.

"तुझं नाव दिसलं की," तात्या म्हणाले. "पन तूच म्हणालास, सगळ्यांना न्हाय म्हणा."

"मी काय ॲप आहे का, तात्या?"



"मला एकट्याला ऐकवत न्हाय रं ते. हितं ये. दोघं बसून ऐकू."

मी चरफडतच गाडी काढली.