शेवटचं काय फुटलं?

आत्याच्या दुकानातली सहा फुटी काच फुटली ती नव्या कारागिराच्या हातून, पण त्याला कामावर घेतल्याचं पाप माझं. मुलाखतीचे सतरा प्रश्न मीच टाइप करून दिले होते. ‘तुमची सर्वांत मोठी उणीव कोणती?’ यावर गडी म्हणाला, ‘मला काम अर्धवट सोडवत नाही.’ मी भारावून दहापैकी दहा दिले. तिसऱ्या दिवशी काच फोडून हा पठ्ठ्या वर म्हणतो, ‘काचच नरम होती.’

आत्या बत्तीस वर्षं काचा कापते, तसबिरींना चौकटी बसवते. तिच्या बोटांवर इतके व्रण आहेत की घरातल्या तारखा ती त्यांवरून सांगते. “हा बघ, तुझ्या बारशाच्या दिवशीचा!” पुढच्या आठवड्यात तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन होतं. मग दोन महिने हात गळ्यात. तोवर माणूस मिळाला नाही तर दुकानाला कुलूप, आणि कुलूप पाहून गेलेलं गिऱ्हाईक काही परत येत नाही.

दुसऱ्या फेरीला तिने माझा कागद डगमगत्या स्टुलाखाली सारला.

“तू नुसता चहा ओत. तोंड उघडलंस तर बघ!”

तिचा प्रश्न एकच होता. “तुझ्या हातून शेवटचं काय फुटलं?”

पहिला हसला. “माझ्या हातून? छे! दहा वर्षांत साधा टवकासुद्धा नाही.”

“मग दहा वर्षं हात काय खिशात होते? चहा पी आणि नीघ.”

दुसऱ्याने हिशेबच मांडला. भाच्याने धक्का दिला, मालकाने घाई केली, त्यातून टेबल वाकडं.

“आणि अंगण?” आत्याने विचारलं.

तिसरी आली ती लालबुंद होऊन. हातात कागदाचं पुडकं.

“आत्ताच फुटलं. तुमच्या दाराशी टेकवलेला आरसा. माझी पिशवी लागली. तुकडे वेचून बांधलेत, वर ‘जपून, काच’ लिहिलंय. कुठे टाकू?”

मी कपाळाला हात लावला. आत्याने पुडकं सगळीकडून चाचपलं. एकही टोक बाहेर नव्हतं.

“सोमवारी ये. साडेआठला. आणि चपला नकोत, बंद बूट घाल.”

ती गेल्यावर मला राहवेना. “अगं आत्या, काच कापता येते का, एवढं तरी विचारायचंस! आता हिला शिकवणार कोण? तुझा तर हात बांधलेला असणार.”

“हातच बांधणारेत, तोंड नाही.”