नारळाच्या पाण्याने अडलेली नवरीची गाडी

माझ्या पुतणीचं लग्न आज कोरेगावला लागलं. मुहूर्त एक मिनिटही चुकला नाही, असं गुरुजींनीच सांगितलं. पंगतीची वाट बघत हे लिहितोय, कारण सकाळी मुहूर्त गाठू याचा भरवसा नव्हता.

तिला आजोबांच्या जुन्या मोटारीतूनच मांडवात यायचं होतं. विट्याहून निघताना चावी फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, पण इंजिन सुरू होईना.

धाकटा भाऊ घाईला आला. "दादा, दुसरी गाडी बोलवू का? मुहूर्त जाईल की!"

"धा मिनिटं दे गड्या."

बॅटरी ठीक होती. कार्ब्युरेटरला पेट्रोल येत होतं. प्लगची वायर काढून पाहिली, तर ठिणगीच नाही. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं, तर आत सगळं ओलं आणि चिकट.

"इंजिनावर काय ओतलं रं कुणी?"

"मी!" आमची आत्या ठसक्यात म्हणाली. "चाकाम्होरं नारळ फोडला. म्हटलं, पळतंय तर इंजिन, मग त्याला पाणी नको व्हय?"

झाकण स्वच्छ पुसलं. तेवढ्यात नवरी स्वतःच हेअर ड्रायर घेऊन आली. "घ्या काका, माझं केस वाळलं. आता हिचं वाळवा."

वाळवून झाकण परत लावलं आणि चावीच्या दुसऱ्या फेरीला इंजिन सुरू झालं. आत्या म्हणाली, "बघा, नारळ पावला!"

गाडी अडली की बॅटरीला दोष देण्याआधी ठिणगी बघा. तुमची जुनी गाडी कशाने अडली होती?

संध्याकाळी पुतणी याच गाडीतून फलटणला सासरी निघेल. चालवणार ती स्वतः. चावी मी तिच्या हातात दिली आहे.