साडूने हिरवं केलेलं वावर

माझ्या साडूने मला फसवलं. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून इतकी वर्षं गप्प राहिलो, पण सरळ सांगायचं तर भागीदारीत त्याने मला फसवलं, आणि तेही एकाही रुपयाला हात न लावता. मोताळ्यापासून धाडपर्यंत असा माणूस दुसरा झाला नाही आणि होऊ नये. जागेपणी स्वप्नं पाहणारे पुष्कळ असतात. हा दुसऱ्याच्या भांडवलावर स्वप्नं पाहायचा आणि ती इतक्या मऊ आवाजात सांगायचा की भांडवलवाल्याचेही डोळे जड व्हावेत.

मी आठवडी बाजारात ताडपत्री अंथरून भांडी विकत वर आलेला माणूस. पुढे मोताळ्यात मंडप-डेकोरेशन टाकलं आणि लग्नांची शूटिंग घेणाऱ्या साडूला भागीदारीत दुकानामागची खोली दिली. शूटिंग कापून, जोडून, गाणी घालून कॅसेट तयार करण्याला आमच्याकडे 'मिक्सिंग' म्हणतात. त्यात साडूचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्याला एच.डी.चं वेड लागलं. "साडभाऊ, पुढचा जमाना एच.डी.चा हाय," हे तो मला सांगे, चहावाल्याला सांगे, एस.टी.च्या कंडक्टरला तिकीट घेता घेता सांगे. तेव्हा तालुक्यात घरोघरी पोट सुटलेले टी.व्ही. होते आणि त्यांवर क्रिकेटचा चेंडूही धड दिसत नसे. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने त्याला विचारलं, "ते एच.डी. आल्यावर डोयेबी नवे भेटतीन का बे?" साडू शांतपणे म्हणाला, "डोये हेच राह्यतीन, बाबा. पाहाले शिकतीन."

एच.डी.चं मिक्सिंग करणारं यंत्र घ्यायला आम्ही अकोल्याला गेलो. सौदा करण्यात मला जिल्ह्यात जोड नाही. दुकानदाराला चांगला खाली ओढला, मग "राहू द्या" म्हणून पायऱ्या उतरू लागलो. दुकानदाराने मला परत बोलवायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात आतून साडूचा आवाज आला. तो मॉनिटरला गाल लावून बसला होता. पडद्यावर एक ओला गुलाब होता. "भाऊ," तो दुकानदाराला म्हणाला, "कोणत्याबी भावात पाह्यजे. याले सोडून मी घरी जात नाई." आयुष्यात मी पुष्कळांशी भांडलो, पण माझ्याच गाडीचा बैल भर चढावर खाली बसला तो तेव्हाच. यंत्र अर्ध्या उधारीवर घरी आलं.

त्या खोलीत चप्पल घालून जायला बंदी झाली. यंत्रावर त्याने बायकोची शाल पांघरली. काम पूर्ण करून चित्र तयार व्हायला यंत्राला तासन्‌तास लागत, आणि पडद्यावरची ती पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकताना तो हनुवटीखाली हात घेऊन पाहत बसे. "झालं का?" विचारलं की म्हणे, "शिजून राह्यलं." पट्टी शेवटच्या टोकाला आली की हमखास लोडशेडिंग. मी वीजमंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल असा करायचो. साडू मंडपाच्या कापडांच्या ढिगावर आडवा व्हायचा. "जाऊ द्या, साडभाऊ. कच्चं राह्यलं असतं."

पहिल्याच लग्नानंतर नवरीची मावशी दुकानात आली. "माह्या ओठावरचे केस काऊन दाखवले?" साडूने तिला खाली बसवलं, पाणी दिलं आणि तिच्यासमोर पडद्यावरच्या तिच्या चेहऱ्यावर हलकं धुकं सोडलं. मावशी खूष होऊन गेली आणि तिने गावभर सांगितलं. मग काय, जिल्ह्यातलं सगळ्यात स्वच्छ चित्र दाखवणारं यंत्र घेऊन हा माणूस वर्षभर त्यावर धुकं पसरत बसला. आमच्या बुद्धविहारातल्या लग्नांत नवरा-नवरी आधीच पांढऱ्या कपड्यांत, त्यात हे धुकं. एका नवऱ्याने येऊन विचारलं, "दादा, याच्यात मी कुठी हाय?"

बीटी कापसाचे ते दिवस. सुरुवातीला बोंडअळी गेली म्हणून लोकांनी बियाण्याच्या थैल्यांसाठी रांगा लावल्या, आणि त्या वर्षी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पानं लाल करून झाड वाळवणारा लाल्या रोग आला. धाडजवळच्या एका गावात दिवाळीनंतरचं लग्न होतं. मांडव वावराच्या कडेलाच. नवरी निघाली ती धुऱ्याने, वावराच्या बांधावरून, आणि तिच्या मागे बांधापासून बांधापर्यंत सगळी पऱ्हाटी लाल. साडू परत आला तो सरळ यंत्रासमोर बसला आणि दिवसचे दिवस ते वावर हिरवं करत राहिला. कोणी सांगितलेलं नव्हतं. बाकीची लग्नं खोळंबली म्हणून मी ओरडलो, तर म्हणाला, "पोरगी बापाच्या घरून निघाली, साडभाऊ. मांग वळून पाह्यते तं तिले लाल काऊन दिसू द्याचं?"

नवरीचा बाप कॅसेट न्यायला आला. साडूने त्याला खुर्ची देऊन ते दृश्य दाखवलं. मुलगी धुऱ्याने संथ चालत होती, पदर हलत होता, मागे हिरवीगार पऱ्हाटी आणि तिच्यावर फुटलेली पांढरी बोंडं. बापाने दुपट्ट्याने डोळे पुसले. मग पडद्याकडे वाकून म्हणाला, "हे कोणाचं वावर होय?" "कोणतं बियाणं लावलं त्यानं? पुढच्या साली मीबी तेच लावतो."

"तुमचंच हाय, दादा," साडू म्हणाला.

बापाला ती थट्टा वाटली. "माह्यं वावर मले माईत नाई का?" असं म्हणून हसत हसत तो गेला. मीही हसलो. साडू त्या दिवशी जेवला नाही.

बापाने धाडच्या कृषी केंद्रात जाऊन त्या बियाण्याची चौकशी केली. दुकानदाराने कॅसेट पाहिली आणि जीप काढून तडक आमच्याकडे आला. वावर कोणाचं, हे त्याने विचारलंच नाही. "अशीच पऱ्हाटी मले जाहिरातीत पाह्यजे," म्हणाला. पेरणीआधी बाजाराच्या दिवशी मोठ्या पडद्यावर दाखवायची होती. त्या दिवशी मी केला तसा सौदा पुन्हा कधी जमला नाही. या एका कामात यंत्राची उधारी फिटून ते आमचं होणार होतं, नाही तर अकोलेवाला ते उचलून नेणार होता. हे सगळं मी साडूला समजावलं. तो मान हलवून म्हणाला, "हाव."

दुकानदाराने दाखवलेल्या वावरातही लाल्याच होता. साडू शूटिंग करून आला आणि दार लावून बसला. उन्हाळा आला तरी दार बंदच. "रंग झाला का?" मी बाहेरून विचारायचो. आतून उत्तर यायचं, "शिजून राह्यलं."

बाजाराच्या दिवशी अंधार पडताना धाडला पडदा लागला. पहिलं चित्र आलं आणि मी पडद्याकडे दोन पावलं सरकलो. धुक्याचा मागमूस नव्हता. लाल पानांची शीर न्‌ शीर दिसत होती, अर्धवट फुटलेलं बोंड ओंजळीएवढं मोठं दिसत होतं. बाजार थांबला. ओझी डोक्यावर तशीच ठेवून माणसं उभी राहिली. एच.डी. म्हणजे काय ते आमच्या मुलखाने तेव्हा पाहिलं. एक भाजीवाली शेजारणीला म्हणाली, "वो माय, हे तं आपल्यावानीच हाय." दुकानदाराने वायर ओढली. तो मला जे बोलला ते लिहिता येणार नाही, आणि मी त्याला जे बोललो तेही नाही.

परतताना जीपमध्ये मी साडूला एवढंच विचारलं, "काऊन?"

"त्या पोरीच्या बापानं बियाण्याचं नाव विचारलं होतं, साडभाऊ," तो म्हणाला आणि बाहेर पाहत राहिला.

यंत्र गेलं, भागीदारी संपली. साडू आता जालन्याला लेकीकडे असतो. त्याचं भविष्य मात्र खरं ठरलं. आता गुरं राखणाराही खिशातून फोन काढतो, नितळ चित्र घेतो आणि अंगठ्याने मिक्सिंग करतो. नातेवाइकांच्या लग्नात साडू भेटतो, पंगतीला शेजारी बसतो. भाजीवरच्या तर्रीवर मंडपाचा दिवा कसा हलतो ते मला दाखवतो, आणि मी पाहतो. पाहता पाहता जेवण थंड होतं.

यंत्राचं मला आता काही वाटत नाही. पण इतके महिने तो दार लावून बसला आणि मी बाहेर उभा होतो. एकदा विचारायचं होतं. मी आरडाओरडा केला असता, टेबल आपटलं असतं, दोन दिवस तोंड पाहिलं नसतं. तिसऱ्या दिवशी धाडला पडद्याची दोरी बांधायला मीच चढलो असतो. मी त्या बियाणेवाल्या दुकानदाराच्या बाजूने उभा राहीन, हे त्याने कशावरून धरलं? याचं उत्तर साडूने मला दिलं पाहिजे. जेवता जेवता देऊ दे, हळू आवाजात देऊ दे, पण दिलं पाहिजे.