नव्या आसाची कुरकुर

आपल्या मासिकात लोक भुताखेतांचे अनुभव पाठवतात, ते वाचून मी आजवर मनसोक्त हसलो आहे. सहा वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होतो. आवाज आला की त्याला कारण असतं आणि ते हातानं काढता येतं, हे माझं पक्कं मत. होतं म्हणा!

आता ठाण्यात तळ्यापाशी माझा बैलगाड्यांचा कारखाना आहे. आगगाडी सुरू होऊन पंचवीस-तीस वर्षं झाली, तरी खाडीकाठचं मीठ बैलच ओढतात. कोलशेतचा गोमा अशीच मिठाची गाडी घेऊन आला. दोन चाकांमधला लाकडी आस पिचला होता. "लोखंडी घाल, जन्मात कुरकुरणार नाही," मी म्हटलं. कल्याणच्या यार्डातून भंगारातला दांडा आणून बसवलासुद्धा.

आमच्याकडे जुना आस मालकाला परत देतात. तो गोठ्यात ठेवून दसऱ्याला त्याला कुंकू लावतात. पण त्या दिवशी कोळसा संपत आलेला, आणि जुन्या आसाची ती वर्षानुवर्षं तेल प्यालेली बाभूळ... घातली भट्टीत. झकास पेटली. गोमाला थाप मारली की कुजका होता, खाडीत सोडला.

आठवड्यानं गोमा आला, तोंड उतरलेलं. "दादा, कसाबी करून जुन्यासारका आस लावा. आय जेवत नय."

त्याची आई आंधळी. गाडीची कुरकुर लांबून कानावर आली की ती भात उतरवायची, मगच तिच्या घशाखाली घास जायचा. आता गाडी मुक्यानं येई. गोमा समोर उभा राहिला तरी ती उंबऱ्यावरून हलेना - "माजा पोर अजून आयला नय." वाळत चालली होती नुसती. मी काहीतरी थातुरमातुर सांगून त्याला वाटेला लावलं. नंतर मलाही जेवण गोड लागेना.

पंधरवड्यानं गोमा परत आला तो हसत. "दादा, गारी वाजाला लागली! आय जेवते."

मला बरं वाटायला हवं होतं. पण मी बसवलेला आस वाजतो? चाकं उतरवली, वंगण बदललं, वॉशर नवे घातले, हातानं गरगरा फिरवून पाहिलं. हूं नाही की चूं नाही.

"आमचे गावाजवलच वाजते," गोमा म्हणाला. तसाच त्याच्या गाडीत चढलो.

माजिवडा मागे पडलं, तरी शांतच. मिठागरं दिसू लागली आणि... कुर्र-कुर्र. तो लोखंडाचा आवाज नव्हता - बाभळीचा होता!

"थांबव!" मी ओरडलो.

बैल थांबले, चाकं थांबली. आवाज थांबला नाही. लख्ख उन्हात, आमच्या पुढच्या रिकाम्या रस्त्यावरून तो तसाच कुरकुरत गावात गेला. गोमानं माझा दंड घट्ट धरला. गाडी मध्येच थांबवून त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

घरी पोचलो तर म्हातारी जेवून हात धूत होती.

"मगाशीच त आयलास ना रं? परत कंचे बाजूला गेल्तास?" तिनं विचारलं. मग हात पुसत म्हणाली, "आनि तुजे गारीला रोज जलल्याचा वास कशाला येतो?"

भट्टीची गोष्ट मी कुणालाच, अगदी बायकोलाही सांगितली नव्हती. तिथेच ओटीवर बसलो आणि दोघांना खरं काय ते सांगून टाकलं. म्हातारी एवढंच म्हणाली, "मंग दसऱ्याला तुजे भट्टीला कुकू लाव."

लावतो. जुनं लाकूड आता ज्याचं त्याला देतो, कोळसा असो वा नसो. त्या आवाजाचं कारण मात्र मला अजून सापडलेलं नाही. खरं सांगायचं तर मी ते शोधणंच सोडून दिलं. कारण सापडलं तर आवाज बंद होईल, ही धास्ती.

गोमा भेटला की एकच विचारतो, "आई जेवते ना?"

"जेवते," तो म्हणतो. "मी घरी पोचायचे आदीच."