आबांच्या नावेतलं पाणी

वाळक्या लाकडाच्या फटींत कापूस ठासून भरणं हा शुद्ध मूर्खपणा, हे मला आता कळतं. तेव्हा मी नुकतीच साठी ओलांडलेली अल्लड पोर होते – कळणार कसं? वाती वळण्यात माझा हात धरणारी जळगावच्या अख्ख्या पिंप्राळ्यात नाही, म्हणून नावेच्या फटी मीच बुजवणार असा हट्ट. लाकूड पाण्यात फुगतं, मग आत कोंबलेल्या कापसाला जागा उरत नाही... हे एखाद्या सुताराला विचारलं असतं तर माझी जीभ झिजली असती!

आणि अमानवीय वगैरेवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंगात आलेल्या बाईला हळूच चिमटा काढून बघणारी मी.

नाव आमच्या थोरल्या दिरांची, आबांची. मुक्ताईनगरकडे धरणाच्या बॅकवॉटरजवळ त्यांच्या वाट्याला आलेलं वडिलोपार्जित शेत, विहीर आणि घर. रिटायर झाल्यावर त्यांनी कुठूनशी ही जुनी, लाकडी, शिडाची होडी आणली. तेव्हा आमचे हे चारचौघांत म्हणाले, नाव घेतली खरी, पण तापीत पाणी आहे का ते तर बघ. (वाक्य माझं होतं. यांनी फक्त वापरलं.) आबा भडकले – मग माझ्या घरचं पाणी पिऊ नको म्हणाले. यांनीही शपथ घेतली, नाही पिणार.

आबा गेले. शपथ राहिली.

जाऊबाईंनी निरोप पाठवला, नाव तुम्ही घ्या. मग दर रविवारी एसटीने आमची वारी सुरू... रंग खरवडा, कप्प्यांना ग्रीस लावा, शिडाला ठिगळ, सुकाणूच्या बिजागऱ्या. एक काम संपलं की नाव दुसरं काढायची, सासूसारखी. कंबर गेली माझी. आणि दर वेळी जाऊबाई पाण्याचा तांब्या आणून यांच्यापुढे ठेवत. हे जळगावहून आणलेल्या बाटलीतलं कढत पाणी पीत. जाऊबाई तांब्या तसाच आत नेत. हे झोपेत "आबा, आबा" करत आणि दिवसा त्यांच्याच घरचं पाणी नाकारत. मला एकच धास्ती – हा माणूस असाच तहानलेला जाणार.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबांच्या नावाची घागर भरायची होती. हे घरात पाय ठेवीनात. शेवटी घागर नावेतल्या फळीवर मांडली, वर खरबूज, आंबा – आणि आत पाणी कुठलं? पिंप्राळ्याहून कॅनमधून आणलेलं! जाऊबाई दारातून बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री वरणगावला लेकीकडे राहिलो आणि सकाळी घागर उचलायला परत गेलो.

नाव काठोकाठ भरलेली होती.

बाभळीच्या ओंडक्यांवर ठेवलेली नाव, बॅकवॉटर पार लांब सरकलेलं. खाली माती कोरडी फटफटीत, ना पाऊल ना ट्रॅक्टरची चाकोरी. फटी मिटलेल्या – थेंब गळत नव्हता. माझा कापूस सगळा वर तरंगत होता. आणि घागर? फळी बुडाली होती, पण घागर तिच्यावर जागच्या जागी, तोंडापर्यंत भरलेली. आंबासुद्धा हललेला नव्हता.

शेजारच्या केळीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, रात्रभर लाइटच नव्हती अक्का, मोटर चालेल कशावर? सुतार म्हणाला, फळ्या अशा फुगायला कितीतरी दिवस लागतात. लेक म्हणते, तुम्हाला ऊन लागलं असेल. ऊन मला लागलं असेल, नावेला कसं लागेल? नाव आज पाण्यावर छान चालते. ते पाणी कुठून आलं हे मला तेव्हा कळलं नाही, अजूनही कळत नाही. विचार करून करून थकले, आता सोडून दिलंय.

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. यांनी नावेत हात घातला. त्या उन्हात पाणी गार होतं. काय वाटलं कोण जाणे, ओंजळ भरली आणि प्यायले. मग परत एक. तोंड पुसायचंही भान नव्हतं.

"आपल्या विहिरीचं आहे," हे म्हणाले. याच विहिरीच्या पाण्यावर लहानाचे मोठे झालेले, चव विसरतील कसे!

जाऊबाई नेहमीसारखा तांब्या घेऊन मागे उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या,

"इहीर त शिमग्यालेच आटली, भाऊजी. तवापासून मी दर येळी आनत होती तो तांब्या नळाचा होता. घरचं पानी तुम्ही आज पेले."