मूलमध्ये पडलेला बर्फ

हिवाळा लागला की माझ्या नवऱ्याला हिमालय आठवतो. दिवाळीचा फराळ संपायच्या आत त्याचे दोन मित्र आमच्या मूल गावातल्या घरी ओसरीवर येऊन बसतात, मोबाईलवर नकाशा उघडतात आणि कुठली खिंड आधी ओलांडायची यावर भांडतात. चहा मी करायचा. यंदा तर बर्फात टायरला बांधायच्या साखळ्याही आल्या. आमची गाडी मार्कंड्याच्या जत्रेपलीकडे कधी गेलेली नाही, पण अंगणात तिला साखळ्या चढवून पाहिल्या. त्या काढताना तिघांनाही घाम फुटला.

त्याच आठवड्यात नणंदेचा फोन आला. त्याची ही थोरली बहीण कोरचीकडच्या डोंगरात दिलेली. घरात रेंज नाही, म्हणून गावामागची टेकडी चढून फोन करते. दिवाळीनंतर तिच्या गावात मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, घरोघरी पाहुणे येतात, रात्री नाटक असतं. माहेरचं कुणी आलं नाही की शेजारणी विचारतात, आणि गेली कित्येक वर्षं त्या विचारतच आहेत.

"औंदा तरी ये नं, बापू."

"बाई, तुह्याकडचा रस्ता लय खराब हाये," हिमालय जिंकायला निघालेले आमचे वीर म्हणाले.

पुढे एका मित्राचे गुडघे धरले, दुसऱ्याला बायकोने साफ नाही म्हटलं. मोहीम बारगळली. तरी हा मंडईला हलेना. मला असा संताप आला की पिशवी भरली आणि एकटीच एसटीत बसले.

नणंद पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने माझ्यामागे रस्त्याकडे पाहिलं.

"बापू गाडी लावून राह्यला का?"

दोन शेजारणी कान देऊन उभ्याच होत्या. नणंदेची मान खाली जाऊ नये म्हणून मी बोलून गेले, "ते हिमालयात गेलेत. बर्फात."

शेजारणींच्या भुवया वर गेल्या. नणंदेचा चेहरा खुलला, पण लगेच काळजीने उतरला. तिने मला टेकडीवर ओढतच नेलं आणि स्पीकर लावून फोन केला.

"बापू, बरफ लय हाये का रे?"

तिकडे तो खाकरला. मग, "लय हाये, बाई. गुडघ्याएवढा."

आणि त्याच्यामागून आमच्या गल्लीतला भाजीवाला ओरडला, "मेथीची जुडी घ्या, सांभाराची जुडी घ्या!"

"तब्येत सांभाळ," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. अर्धी टेकडी उतरल्यावर ती थांबली. मग विचारलं, "बरफातबी मेथीवाला येते का वं?"

मी चपलेतला खडा काढायला वाकले. लाजेने मेल्यासारखं झालं.

खाली शेजारणी वाट पाहत होत्या. तिने पदर नीट केला.

"लागला फोन," ती मोठ्याने म्हणाली. "गुडघ्याएवढा बरफ हाये म्हणते माहा भाऊ."